गायधनीकाकांचा ब्रेकलाइट

आमच्या सोसायटीत सकाळी गजर लावायची कुणाला गरज पडत नसे. पार्किंगमधून गायधनीकाकूंचा आवाज यायचा, "लागला!" मग जरा थांबून, "शांत!" पुन्हा "लागला!" आणि पुन्हा "शांत!" नव्या भाडेकरूंना वाटायचं, खाली एखादी बाई ध्यानाला बसलीये आणि तिला ते काही केल्या जमत नाहीये. जुन्यांना ठाऊक होतं की गायधनीकाका गाडी बाहेर काढायच्या आधी ब्रेकलाइट तपासताहेत.

काका पुढे, स्टिअरिंगवर, ब्रेकवर पाय ठेवून. काकू मागे, पदर खोचून, त्या दोन लाल दिव्यांकडे डोळे लावून. काकांनी पाय दाबला की त्यांनी "लागला" म्हणायचं, काढला की "शांत". आणि एवढी तपासणी करून ही मरून रंगाची जुनी छोटी गाडी जायची कुठे, तर गंगापूर रोडला भाजी आणायला. पायी गेले असते तर तेवढ्या वेळात भाजी आणून, निवडून झाली असती.

काकू 'विझला' कधी म्हणायच्या नाहीत. दिवा विझला म्हणू नये, शांत झाला म्हणावं, हे त्यांच्या सासूबाईंनी लावलेलं वळण. ते समईपुरतं ठेवावं की नाही? पण काकूंनी ते गॅसलाही लावलं, टॉर्चलाही लावलं आणि गाडीच्या दिव्यालाही. मी एकदा म्हटलं, काकू, ही काय समई आहे का? तर म्हणाल्या, दिवा तो दिवाच ना गं.

हे सगळं मला कसं माहीत म्हणाल, तर माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर त्यांच्या पार्किंगसमोर येते. मी काही डोकावणारी बाई नाही. पण पोळ्या लाटताना माणसाने डोळे कुठेतरी ठेवायलाच हवेत.

काका सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. रिटायर झाले ते कारखान्यातून, तपासणीतून नाही. त्यांच्यापुढे उपम्याची बशी ठेवली की आधी चमचा वर उचलून उजेडात बघणार, मग म्हणणार, "पास." केळीवाला त्यांना लांबून बघूनच हातगाडी पुढे न्यायचा, कारण एक डझन घेताना ते तीन डझन हाताळायचे. गणपतीत मी उकडीचे मोदक नेऊन दिले, तर बोट लावून म्हणतात कसे, "कळ्या सारख्या नाहीत. लॉट मिक्स झालाय." आणि मग सगळे खाल्ले. माझ्याकडे चहाला आले की, "चहा पास. कप रिजेक्ट." कपाचा टवका उडालेला होता, हे खरं. पण मी तो कप त्यांच्यासाठीच राखून ठेवला, हेही खरं.

पास आणि रिजेक्ट यांच्या मधे त्यांच्याकडे आणखी एक खाना होता, 'डेव्हिएशनखाली पास'. म्हणजे माल जरा हुकलेला आहे, पण काम चालून जाईल, तेव्हा साहेबांच्या सहीने सोडून द्या. त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, मनीषाला, बघायला मुलगा आला होता तेव्हाची गोष्ट. पोहे झाले, चहा झाला, मुलाकडची मंडळी निघून गेली, आणि घरातले सगळे काकांच्या तोंडाकडे बघत बसले. काकांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "डेव्हिएशनखाली पास." जावई अजून विचारतो की सही कुणाची झाली होती. सही अर्थात काकूंची.

आणि त्यांचं एक ब्रह्मवाक्य होतं. "कारण सापडल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही." मिक्सर बंद पडला की दुसरा कुणी दुकानात टाकून मोकळा होईल. काकांनी तो खोलून जेवायच्या टेबलावर मांडला, आणि कारण सापडेपर्यंत काकू खलबत्त्यात चटणी कुटत बसल्या. कुरकुर नाही, काही नाही. मी असते तर बत्ता वेगळ्याच कामाला वापरला असता.

आता गंमत बघा. असा हा काटेकोर माणूस, आणि नाशिकची थंडी पडली की जो तपकिरी कोट घालून हिंडायचा, त्याचं मधलं बटण नव्हतं. वरचं होतं, खालचं होतं, मधे नुसतं काज. काकांची त्याबद्दल कायमची तक्रार आणि काकूंचं कायमचं उत्तर, "बघते." असं किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. मला त्याचं नवल वाटायचं, कारण काकूंचा हात शिवणाचा. सोसायटीतल्या निम्म्या साड्यांचे फॉल-बिडिंग त्यांनी केलेले. बटण लावायला तर मलाही त्यांनीच शिकवलं. नुसतं टाचायचं नाही, बटण जरा उचलून धरायचं, खाली दोऱ्याचे वेढे द्यायचे, त्याचा देठ करायचा आणि गाठ त्या वेढ्यांच्या पोटात लपवायची. शर्ट फाटेल पण काकूंनी लावलेलं बटण निघायचं नाही. त्याच काकू नवऱ्याच्या कोटाला एक बटण लावेनात. विचारलं की म्हणायच्या, जुळणारं मिळत नाही गं. आम्हा बायकांचा अंदाज असा की मिक्सरचा सूड चाललाय.

आणि काकांची गडाची गोष्ट सांगायलाच हवी. ती त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवली आहे की मीही काकांच्याच शब्दांत सांगू शकते. दोघं सप्तशृंगीच्या गडावर चालले होते. नांदुरीच्या अलीकडे मागच्या टेम्पोवाल्याने ओरडून सांगितलं, तुमचा ब्रेकलाइट लागलेलाच राहतोय. घाट समोर, आणि मागच्याला कळणार नाही की गाडी थांबतेय की चाललीये. काकांनी गाडी कडेला घेतली, कोट काढून सीटवर टाकला आणि कामाला लागले. इथे गोष्ट थांबायची आणि शिकवणी सुरू व्हायची. ब्रेकच्या पेडलच्या वर एक छोटा स्विच असतो. त्याला एक बारीक दांडी असते. पाय काढला की पेडल परत वर येऊन ती दांडी आत दाबून धरतं, दिवा बंद. पाय दाबला की दांडी सुटते, दिवा चालू. तर काकांनी तो स्विच आत-बाहेर करून, फिरवून, झटकून पाहिला. दिवा काही जाईना. शेवटी चिकटपट्टी मिळते का बघायला ते पुढच्या टपरीवर गेले, आणि परत येऊन बघतात तो दिवा अगदी व्यवस्थित. "अ‍ॅडजस्टमेंट मी करूनच गेलो होतो. स्विचला बसायला वेळ लागतो," हे शेवटचं वाक्य. त्यानंतर ते आमच्याकडे बघायचे आणि आम्ही माना डोलवायच्या. काकू तेवढ्यात "यांचा हातच तसा आहे" म्हणून चहा टाकायला आत जायच्या.

त्या काकू गेल्या. आजारपण नाही, काही नाही. दुपारी जेवून आडव्या झाल्या आणि चहाच्या वेळी उठल्या नाहीत. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर आला, त्याने तपासलं आणि हळू आवाजात सांगितलं की हार्ट बंद पडलं. काका कॉटच्या कडेला बसले होते. म्हणाले, "हार्ट बंद पडलं हा रिझल्ट झाला, डॉक्टर. कारण काय?" तो बिचारा वयाबद्दल काहीतरी बोलला. काका म्हणाले, वय हे कारण नसतं. एरवी हसलो असतो आम्ही. त्या दिवशी डॉक्टर फरशीकडे बघत उभा राहिला आणि मी काकूंच्या पायावरचं पांघरूण सारखं करत राहिले.

दहाव्याला आम्ही सगळे गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेलो होतो. पिंड ठेवला आणि मागे सरकतो न सरकतो तोच कावळा शिवला. गुरुजी म्हणाले, भाग्यवान बाई, काही इच्छा राहिली नाही. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, कारण ऊन फार होतं. काका आमच्या गाडीत पुढे बसले होते. त्र्यंबक नाका आला. मग म्हणाले, "इतक्या लवकर? तिचं काहीच राहिलं नव्हतं?" रागावले होते हो ते. त्यांना वाटत होतं कावळ्याने निदान तासभर तरी ताटकळत ठेवायला हवं होतं. माणूस एवढा संसार करून जातं आणि मागे अडकायला काहीच नाही, हे त्यांना लागलं. आमच्या ह्यांनी उगाच हॉर्न वाजवला.

गाडीवर कव्हर चढलं. सकाळची "लागला, शांत" बंद झाली, आणि माझं घड्याळच बिघडलं म्हणा. कधी डबे उशिरा होत, कधी पोळी करपे. एवढी वर्षं त्या आवाजाला मी नावं ठेवली होती.

थंडीच्या तोंडाशी काकांनी एकदाचं कव्हर काढलं, भाजीला जाऊन आले आणि गाडी जागेवर लावली. संध्याकाळी मी दिवा न लावताच स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर, भिंतीवर सगळा लाल उजेड. खिडकीतून बघितलं. गाडी बंद, कुलूपबंद, आत कुणी नाही, आणि मागचे दोन्ही दिवे लागलेले. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. मी जाऊन काकांना बोलावून आणलं. सकाळपर्यंत बॅटरी संपली असती.

दुसऱ्या दिवसापासून माझी नेमणूक झाली. "वैशाली, जरा मागे ये गं." मी कणकेच्या हाताने मागे जाऊन उभी राहायची.

"काय दिसतंय?"

"लागलेलाच आहे, काका."

"आता?"

"लागलेलाच."

"आता?"

"काका, तुम्ही पाय काढा, नाहीतर घरी जाऊन झोपा, तो लागलेलाच आहे."

रोज सकाळी काका बॅटरीची वायर जोडायचे, तपासणी करायचे, आणि पुन्हा वायर काढून ठेवायचे. बल्ब तपासले, पास. फ्यूज पास. मागची सगळी वायर बोटाने चाचपत पुढे आणली, पास. राग सगळा त्या स्विचवर. गुडघे वाकत नव्हते, मान खाली जात नव्हती, म्हणून सीटवर बसूनच हात खाली घालून त्यांनी तो आंधळेपणाने काढला, मीटर लावला, दांडी दाबून बघितली, सोडून बघितली. स्विचही पास. पुन्हा बसवला. दिवा लागलेलाच. मेकॅनिककडे नेली तर तो म्हणाला, स्विच गेलाय, बदलून टाकू. काका म्हणाले, "का गेला?" तो म्हणाला, गेला म्हणजे गेला. काका गाडी घेऊन परत आले.

दुसऱ्या मजल्यावरच्या आहेरवहिनींनी एक दिवस मला जिन्यात गाठलं आणि कुजबुजल्या, की दिवा जात नाही म्हणजे काकूंचा जीव गाडीत अडकलाय, काहीतरी करून घ्यायला सांगा. हे काकांच्या कानावर गेलंच. ते वर जाऊन त्यांना शांतपणे सांगून आले, "कावळा शिवलाय. तिचं काही अडकलेलं नाही. अडकलंय ते गाडीत, आणि ते सापडेल." वहिनी पुढे कितीतरी दिवस जिन्यात दिसल्या नाहीत.

मग मनीषा पुण्याहून आली. पोरगी समजूतदार आहे, आरडाओरडा केला नाही. तिचं म्हणणं एवढंच, की बाबांचा डावा गुडघा क्लचवर टिकत नाही, दिवा असा सदानकदा लागलेला, मागून कुणी ठोकलं तर काय करायचं. गाडी विकू या. काकांनी ऐकून घेतलं आणि कबूल केलं. फक्त एक अट घातली. दोषासकट माल गेटच्या बाहेर जाणार नाही. कारण सापडलं की गाडी द्यायची. मनीषाने मान हलवली, आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, वैशालीताई, ते मुद्दामच शोधणार नाहीत. सोसायटीतही हेच बोललं जाऊ लागलं. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं.

म्हणून एकदा चहा देताना मी विचारलंच, की काका, तुम्हाला ते खरंच सापडायला हवंय का? त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "सापडलं तर गाडी जाते. नाही सापडलं तर झोप लागत नाही. बिनकारणाचं घरात एक आहे तेवढं पुरे, वैशाली."

मी म्हटलं, उद्या सकाळी मी आत डोकं घालते.

दुसऱ्या दिवशी घातलं. ड्रेसवर होते ते बरं. ड्रायव्हरच्या सीटखाली पाठ टेकली, डोकं पेडलांपाशी आणि पाय दाराबाहेर पार्किंगमध्ये. आहेरवहिनींनी गॅलरीतून विचारलं, वैशाली पडली का? मी आतून ओरडले, नाही, इन्स्पेक्शन चालू आहे. काका कोट घालून दाराशी उभे, हातात स्क्रूड्रायव्हर, सूचना देताहेत. मोबाइलचा टॉर्च वर धरला. स्विच दिसला. पेडलच्या पट्टीला स्विचच्या समोर एक भोक होतं आणि स्विचची दांडी त्या भोकातून सरळ आरपार गेली होती. म्हणजे पेडल तिला दाबतच नव्हतं. दांडी कायम सुटलेली, दिवा कायम लागलेला. मी काकांना सांगितलं, इथे भोक आहे. ते म्हणाले, भोक नसतं, तिथे रबराचा एक छोटा गुट्टा बसवलेला असतो, दांडी त्याच्यावर टेकते. मी म्हटलं, गुट्टा नाहीये. इथे भलतंच काहीतरी लोंबतंय.

दोऱ्याला अर्धं बटण लोंबत होतं. तपकिरी, कोटाचं. दुसरा तुकडा खाली मॅटवर मातीत पडलेला सापडला. आधी वाटलं कचरा असेल. मग टॉर्च जवळ नेला. दोरा पट्टीच्या त्या भोकातून ओवून घेतला होता, पट्टीभोवती आवळला होता, आणि बटणाखाली त्याचे वेढे दिलेले होते. देठ केलेला. गाठ कुठे दिसत नव्हती. ती वेढ्यांच्या पोटात होती.

मी तशीच पडून राहिले. काका बाहेरून विचारत होते, काय आहे, काय आहे.  शेवटी दातांनी दोरा तोडला, बाहेर आले आणि दोन्ही तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवले.

त्यांनी ते आयुष्यभर जसं बघत आले तसंच बघितलं. उलटं केलं, उजेडात धरलं, तुकडे जुळवले, नखाने दोरा चाचपला. मग मान खाली घालून कोटाचं खालचं बटण बघितलं आणि तुकडा त्याच्या शेजारी धरला. आणि वॉचमनच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले.

 मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी टपरीवर गेलो होतो. कोट सीटवर होता."

मी शेजारी कट्ट्यावर बसले. मला ते सगळं दिसत होतं. काका तणतणत टपरीकडे चाललेले, रस्त्यावरून टेम्पो जाताहेत, आणि काकू पदर खोचून खाली वाकल्यात. तुटलेला गुट्टा त्यांना दिसला असणार. भोक दिसलं की ते झाकायचं, बाईमाणसाला एवढं कळतं. पर्समध्ये सुई-दोरा कायम असायचाच. नवऱ्याच्या कोटाचं बटण कापलं, लावलं आणि तो येईपर्यंत जागेवर बसल्या. आणि आल्यावर तो म्हणाला की माझी अ‍ॅडजस्टमेंट बसली, तर त्या म्हणाल्या, यांचा हातच तसा आहे.

"ती गोष्ट मी सगळ्यांना सांगायचो," काका म्हणाले. "तिच्या समोर. आणि बटणासाठी तिलाच बोलायचो."

मग त्यांचा आवाज एकदम फुटला. "कावळा म्हणे लगेच शिवला. काही राहिलं नव्हतं म्हणे. हे राहिलं होतं की, वैशाली. एवढं सांगायचं राहिलं होतं तिचं."

मी म्हटलं, "नाही काका. सांगायचं असतं तर काकूंना काय, वेळ भरपूर होता. त्यांना सांगायचंच नव्हतं."

ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग म्हातारा माणूस लहान मुलासारखा रडला. मीही रडले. गॅलरीतून आहेरवहिनी बघत होत्या, त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि पहिल्यांदाच काही न विचारता आत गेल्या.

गुट्टा स्पेअर पार्टच्या दुकानात मिळाला. शेंगदाण्याएवढा, काळा, रबराचा. मी म्हटलं, काका, राहू द्या ना, कोटाचं दुसरं एक बटण लावून देते, मला तसं लावता येतं. ते म्हणाले, ग्राहकाला बटण देऊन चालत नाही. मी पुन्हा आत झोपले, गुट्टा भोकात दाबून बसवला आणि हात पुसून मागे जाऊन उभी राहिले.

काकांनी पाय दाबला. "लागला," मी म्हटलं.

मग वाट बघत राहिले. दिवा जाईना. मला वाटलं, झालं, सगळं मुसळ केरात. गुट्टा निसटला असेल म्हणून पुढे गेले तर काका सीटवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते आणि ब्रेकवरचा पाय त्यांनी काढलेलाच नव्हता.

"पाय काढला की तू ते म्हणशील," ते म्हणाले. "आज नको म्हणूस."

म्हटलं, नाही म्हणत. मागे जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने दिवा गेला. मी काही बोलले नाही आणि आत जाऊन पोळ्यांना लागले.

कारण सापडलं होतं, त्यामुळे काका आपल्या शब्दाला जागले. पहिला एक दलाल आला. काकांनी त्याला गाडीबद्दल काही न सांगता विचारलं की ब्रेक तपासताना मागे कोण उभं राहणार? तो म्हणाला, त्यात काय, आरशात बघायचं, नाहीतर कॅमेरा लावायचा. रिजेक्ट. मनीषाने फोनवर कपाळाला हात लावला असणार. मग पिंपळगाव बसवंतचा एक तरुण आला, द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला होता, बरोबर बायको. त्यालाही तोच प्रश्न. तो म्हणाला, "बायको हाय की काका. हिला लय आवडतं माझ्या चुका बघायला." बायकोने त्याला कोपर मारलं. काका म्हणाले, "पास." डेव्हिएशन नाही, सही नाही, सरळ पास.

रविवारी ते दोघं गाडी न्यायला आले. काकांनी त्या मुलीला गाडीच्या मागे नेलं आणि कुठे उभं राहायचं ते दाखवलं. फार जवळ नाही, दोन्ही दिवे एकदम दिसले पाहिजेत. ती हसत होती, पण नीट ऐकत होती. शेवटी काका तिला म्हणाले, "तो रोज विचारेल. कंटाळू नकोस." तिने हसणं थांबवलं आणि वाकून नमस्कार केला. काकांनी किल्ली तिच्याच हातात दिली.

तोवर मी त्यांना विचारून ठेवलं होतं, की मेनरोडला बटणांचं मोठं दुकान आहे, कोट द्या, जुळणारं बटण शोधून लावून देते. त्यांनी कोटाच्या खिशावर हात ठेवला. ते दोन तुकडे तिथे असतात हे मला माहीत होतं. म्हणाले, "कारण सापडलंय. आता पार्ट बदलायची गरज नाही."

गाडी गेटमधून बाहेर पडली. आम्ही दोघं गेटशी उभे होतो, काका तोच कोट घालून, मधलं काज रिकामं. गंगापूर रोडला वळायच्या आधी तिथे एक खड्डा आहे, सगळेच तिथे ब्रेक मारतात. त्या पोरानेही मारला. मागचे दोन्ही दिवे लाल झाले.

"लागला," काका पुटपुटले.

तेवढ्यात गाडी वळली आणि भिंतीआड गेली. न बघता काकांनी आयुष्यात काही पास केलं नव्हतं, साधं केळंसुद्धा नाही. मला वाटलं आता ते चार पावलं पुढे जाऊन बघतील. ते जागचे हलले नाहीत. भिंतीकडेच बघत राहिले, आणि जरा वेळाने, काही दिसत नसताना, काकूंच्याच सुरात म्हणाले, "शांत."